रात्रीचे उठणे

शेतकरी बंधूंनो, आज पिकाविषयी नाही, लघवीविषयी लिहितो आहे. चारचौघांत हे बोलायचे नाही असे आपण मानतो, म्हणून मुद्दाम. घरात हा अंक वाचून दाखवणाऱ्या भगिनींनीही संकोच करू नये.

माझी पंचावन्नी उलटली. आमची नोकरी फिरतीची. मेळाव्यात मध्येच उठून जाणे बरे दिसत नाही, म्हणून मी वर्षानुवर्षे दिवसा पाणीच कमी प्यायचो आणि लघवी लागली तरी दाबून धरायचो. त्याची भरपाई रात्री. जेवणावर तांब्याभर पाणी, वर चहा. मग तीन-चारदा उठणे आलेच. वय झाले, म्हणून सोडून दिले. तुमच्यापैकी जे रात्रीच्या विजेवर दारे धरायला जातात, त्यांच्या तर हे लक्षातही येत नाही. मोटारीसाठी उठलो की लघवीसाठी, कोण मोजतो?

एका हिवाळ्यात सर्दी झाली. दुकानात विचारून गोळी घेतली. पहाटे लघवी साफ बंद. ओटीपोट दगडासारखे. तालुक्याला नेऊन नळी घातली तेव्हा जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी पहिले विचारले, "सर्दीची गोळी घेतली होती का?" सर्दीच्या काही गोळ्यांनी वाढलेल्या प्रोस्टेटची वाट आणखी आवळते. औषधाच्या डब्यावरची सूचना वाचा म्हणून गावोगाव सांगणारा मी, मलाच हे ठाऊक नव्हते.

प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाखालची अक्रोडाएवढी ग्रंथी. लघवीची नळी तिच्या मधून जाते. साठीपर्यंत साधारण निम्म्या पुरुषांत ती वाढलेली असते. पाटाच्या कडा आत ढासळल्या की पाणी जसे अडखळत जाते, तशी धार बारीक होते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. पण कर्करोगही त्याच ग्रंथीत होऊ शकतो, तेव्हा तपासून घेतलेले बरे.

सवयींनी वाढलेली ग्रंथी लहान होत नाही, हे स्पष्ट सांगतो. त्रास मात्र कमी होतो, माझा झाला. आता पाणी दिवसा पितो, उन्हात तर भरपूर. झोपण्याआधी दोन तास बंद. संध्याकाळचा चहा सोडला, हे सगळ्यात जड गेले. लागली की लगेच जातो. लघवी झाल्यावर मिनिटभर थांबून पुन्हा प्रयत्न करतो, राहिलेली निघते. पोट साफ राहावे म्हणून भाकरीबरोबर पालेभाजी, आणि रोज चालणे. बांधावर फिरतो म्हणून चालणे झाले असे मी समजायचो. खरे तर बराच वेळ मोटारसायकलवरच जायचा. रक्तदाबाची गोळी कोणत्या वेळी घ्यावी, हेही डॉक्टरांना विचारून घेतले, कारण काही गोळ्यांनी लघवी जास्त होते.

लघवीतून रक्त आले, ताप-जळजळ झाली, तर काढे करीत बसू नका, दवाखाना गाठा. आणि लघवी अडली तर रात्र असली तरी निघा.

परवा एका गावात मेळावा होता. माईक हातात घेण्यापूर्वी मी सरपंचांना विचारले, "मोरी कुठे आहे?" ते दाखवायला आले आणि वाटेत हळूच म्हणाले, "साहेब, मलाही रात्री चारदा उठावं लागतं."