कबरीचा पुरावा

वनहक्क कायद्याच्या नियमांत पुराव्यांची एक यादी आहे. सरकारी दप्तरातले कागद, घर-झोपडी, बांधबंदिस्ती, वडीलधाऱ्यांचे जबाब. आणि त्याच यादीत विहिरी, पवित्र स्थाने यांच्या जोडीला दफनभूमी. २००८ सालच्या त्या नियमांतला हा एक शब्द वाचताना मला सातपुड्याच्या पायथ्याचे आमचे तडवी आठवले. मुर्द्याला मातीत ठेवणारी ही माणसे. त्यांचे बापजादे जंगलातच झोपले आहेत.

यावल, रावेर, चोपडा या भागांत तडवी भिल्लांची वस्ती आहे. जातीने भिल्ल, धर्माने मुसलमान. १८८० च्या खानदेश गॅझेटियरने त्यांचा उगम औरंगजेबाच्या काळात नेऊन ठेवला आणि मिश्र वंश म्हणून नोंद केली. साहेबाने एकदा लिहिले की ते लोकांच्या तोंडी बसते. आपल्या शहरी मोहल्ल्यांतही त्यांना अर्धे मुसलमान समजणारे भेटतात. निकाह त्यांचाही तोच, जनाजाही तोच, तरीही. आणि दुसरीकडे त्यांना अर्धे आदिवासी समजणारे आहेतच.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या हाती आला, पण डोंगर आला नाही. भिल्ल वर्षानुवर्षे लढत राहिले. बंदुकीने भागेना, तेव्हा १८२५ मध्ये औट्रामने धरणगावला भिल्लांचीच पलटण उभी केली. भिल्लांवर भिल्ल घातला. तरी १८५७ साल उजाडताच खाज्या नाईक आणि भीमा नाईक उठलेच. एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीच्या लढाईनंतर पकडलेल्यांपैकी कित्येकांना गोळ्या घातल्या गेल्या. हा इतिहास आता थोडाफार सांगितला जातो. मला मात्र त्यापेक्षा मोठा वाटतो तो कागदाचा घाव, कारण बंदुकीचा धूर विरला आणि कागद राहिला.

१८७८ च्या वन कायद्याची युक्ती साधी होती. सरकारने जाहीर करायचे की अमुक जंगल राखीव होणार. मग निदान तीन महिन्यांची मुदत द्यायची. त्या मुदतीत ज्याने आपला हक्क सांगितला नाही, त्याचा हक्क संपला. डोंगरातल्या पाड्यावर अक्षर ओळखणारा कोण होता? मुदत संपली आणि मालक रात्रीतून अतिक्रमणदार झाला. हीच चौकट १९२७ च्या कायद्यात उतरली आणि तो कायदा, साहेब जाऊन इतकी वर्षे झाली तरी, लागू आहे. सरपणाच्या मोळीसाठी दंड, गुरे चारली म्हणून दंड, नांगर धरला म्हणून गुन्हा.

२००६ च्या वनहक्क कायद्याने निदान तोंडाने कबूल केले की या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसत असाल तर जास्तीत जास्त ४ हेक्टरपर्यंत हक्क मिळेल. मात्र अनुसूचित जमातीच्या नसलेल्या माणसाने तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवला पाहिजे.

इथेच आपल्या कानांनी सावध व्हायला हवे. अनुसूचित जातींच्या यादीला धर्माची अट आहे, जमातींच्या यादीला नाही. म्हणून तडवी भिल्ल मुसलमान असूनही त्या यादीत आहेत. धर्म बदललेल्या आदिवासींना यादीतून काढा, ही मागणी १९६० च्या दशकापासून आहे आणि अलीकडे तिच्यासाठी मेळावे भरतात. ती मान्य झाली तर नोकरीतली राखीव जागा जाईल एवढेच आपण बोलतो. पण पाड्यावरच्या तडव्याला त्याच दिवशी ७५ वर्षांचा पुरावा मागितला जाईल, हे कोणी बोलत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि पंधरा दिवसांत तो थांबवला, तेव्हा त्या पंधरा दिवसांत पाड्यांवर चुली कशा पेटल्या असतील!

अशाच एका पाड्यावर मी वनहक्क समितीचे कागद लिहून द्यायला गेलो होतो. म्हाताऱ्या चाचांनी काठीने गवत बाजूला सारले. निंबाखाली डोक्याशी एकेक दगड रोवलेल्या सात कबरी. “सर, ही माह्या आज्याची. ही आजीची. ही बारकी दिसते ना, ती माह्या बहिणीची.” समितीतल्या पोरांनी टेप धरला, चतु:सीमा लिहिल्या. चाचांनी आधी फातिहा पढला, मग अंगठा दिला.

पण नियमाप्रमाणे एका पुराव्यावर भागत नाही, एकापेक्षा जास्त लागतात. आणि विशिष्टच कागद हवा असा हट्ट समितीने धरू नये, असे २०१२ ची दुरुस्ती सांगते. तरीही कचेरीतल्या एका बाबूने कबरीचा पंचनामा बाजूला सरकवला आणि विचारले, “जुनी दंडाची पावती आहे का?”

चाचांच्या पत्र्याच्या पेटीत ती निघाली. त्यांच्या अब्बांना जंगलात नांगर धरल्याबद्दल झालेला दंड. घडीवर फाटलेली, साल अर्धे पुसलेले. ज्या पावतीने बापाला चोर ठरवले, तीच मुलाने जपून ठेवली होती. आम्ही तिच्या दोन झेरॉक्स काढल्या, एक जोडली आणि एक चाचांना दिली. दावा अजून उपविभागीय समितीपुढे आहे.