जुन्या ओम्नीला दुसऱ्या गाडीचे ब्रेक लावायचे असतील तर

आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितो.

कापूस वेचणी लागली की आपल्याकडच्या जुन्या ओम्नीला आराम नसतो. सकाळी बाया वावरात सोडायच्या, संध्याकाळी भाजीचे क्रेट घेऊन नागपूर गाठायचं. बुटीबोरीत वर्धेचा अन् हैदराबादचा रस्ता फुटतो, त्यात एमआयडीसीचे ट्रेलर. तिथं समोरचा अचानक थांबला तर आपलीही गाडी थांबलीच पाहिजे. आत पाच-सहा घरच्या बाया बसलेल्या असतात.

मारुतीची ही व्हॅन १९८४ ला आली, ओम्नी नाव नंतर पडलं, अन् २०१९ ला ती बनणं बंद झालं. माझी जुन्यातली. चारही चाकांना ड्रम, बूस्टर नाही. रिकामी बरी थांबते. भरली की पाय दाबून धरावा लागतो, अन् नाल्यातून काढली की ड्रम ओले होऊन पुढचे दोन-चार ब्रेक नीट लागत नाहीत. वेग चाळीसचा ऐंशी झाला की थांबवायचा जोर दुप्पट नाही, चौपट लागतो, हेही ध्यानात असू द्या.

एका मिस्त्रीनं सांगितलं, भंगारात दुसऱ्या कारचे डिस्क-कॅलिपर पडले आहेत, अर्ध्या दिवसात बसवतो. मी विचारलं, मास्टर सिलिंडर कोणता? बूस्टर? तो म्हणे, "ते राहू द्या ना भाऊ जुनंच." तिथंच मी नाही म्हटलं. काहून, ते सांगतो.

ड्रममधला एक शू चाकाच्या फिरण्यानंच आणखी घट्ट दाबला जातो, म्हणून पायाला कमी जोर पुरतो. डिस्कला ही मदत नाही. तिथं तेलाचा दाब जास्त लागतो, म्हणून बूस्टर पाहिजे. कॅलिपरला तेलही जास्त लागतं. जुना मास्टर सिलिंडर तेवढं ढकलत नसेल तर पेडल खाली जातं. शिवाय ड्रमसाठीच्या काही मास्टरमध्ये पाईपात थोडा दाब धरून ठेवणारा वाल असतो. तो डिस्कच्या लाईनवर राहिला की पॅड घासत राहतात अन् चाक तापतं. म्हणजे ब्रेक हा एक पार्ट नाही, पेडलपासून टायरपर्यंतची साखळी आहे.

मी काय केलं? नंतरच्या ओम्नीत पुढे डिस्क अन् बूस्टर आले होते. त्याच गाडीचा पूर्ण सेट घेतला: चाकाचा नकल, डिस्क, कॅलिपर, मास्टर सिलिंडर, बूस्टर, पेडलचं ब्रॅकेट. वजन अन् १२ इंची चाक सारखं, म्हणून कॅलिपर रिमला घासत नाही. पुढच्या-मागच्या ब्रेकचा मेळही कंपनीनं याच गाडीसाठी बसवलेला. मागचं आधी जाम झालं तर गाडी शेपटीकडून फिरते. डावं-उजवं एकाच सेटचं ठेवलं. बंडीला एक बैल तगडा अन् एक मरतुकडा जुंपला की बंडी एका अंगाला ओढते, तसंच हे.

भंगारातलं रबर मात्र घेतलं नाही. पॅड, रबर किट, होज पाईप नवे. डिस्कची जाडी मोजून घेतली, कारण किमान किती पाहिजे ते बहुतेक डिस्कवर कोरलेलं असतं. लोखंडी पाईप ब्रेकचाच, तांब्याची नळी जोडून काम भागवू नका. ब्रेक ऑईल झाकणावर लिहिलंय तेच. इंजिन ऑईल चुकूनही नको, रबर फुगतं.

गाडी रोडवर न्यायच्या आधी तपासा:

१. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरून इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर चालतो आहे.

२. पेडल एक मिनिट दाबून धरा. हळूहळू खाली जात असेल तर कुठं तरी गळती आहे किंवा मास्टर गेला.

३. मोकळ्या सपाट पांदणीवर आधी वीसच्या वेगानं, मग चाळीसच्या. गाडी बाजूला ओढते का, मागचं चाक आधी घसटतं का, ते पाहा.

४. मग सोयाबीनची पोती भरून तेच करा. माणसं बसवून ट्रायल घेऊ नका.

५. दोन-तीन किलोमीटर चालवून चाकाजवळ हात न्या. ब्रेक न मारताही एक चाक जास्त तापलं असेल तर पॅड घासतो आहे.

आणखी एक. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकातली माहिती बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. म्हणून काम काढण्याआधी आरटीओत अन् विम्यावाल्याला विचारून घ्या, बिलं जपून ठेवा.

पूर्ण सेट मिळत नसेल तर जुनेच ड्रम नीट करा. नवे शू, नवे व्हील सिलिंडर, ड्रम गोल करून घ्या, अन् क्रेट कमी भरा. चांगला ड्रम हा अर्धवट डिस्कपेक्षा कधीही बरा.