नऊ सेकंद

गेल्या चैत्रात आमच्या घरातले पंखे एकामागून एक बंद झाले. ते बिघडले नव्हते. माझ्या मुलीच्या हुकुमावरून बंद करण्यात आले होते. बडोद्याचा चैत्र ज्यांनी सोसला आहे त्यांना या शिक्षेचे स्वरूप वेगळे सांगावयास नको. पंख्यांच्या पाठोपाठ फ्रिज गप्प झाला, भिंतीवरच्या घड्याळाची रवानगी न्हाणीघरात झाली, आणि कुकर लावावयाचा तो रात्री आठनंतर, अशी ताकीद माझ्या पत्नीला मिळाली. संध्याकाळी मी कोर्टातून परतलो तेव्हा माजघरातल्या कपाटांवर गोधड्या टांगल्या होत्या आणि त्यांच्या मधोमध माझी आई, साक्षीला बोलावल्यासारखी, खुर्चीवर ताठ बसली होती.

आमची कन्या माध्यमविद्येच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाचे आठ मिनिटांचे ध्वनिचित्र तयार करावे, असा तिला अभ्यास दिला होता. ही काही विद्या आहे, असे मला खरोखरच वाटत नव्हते. ज्याच्या खिशात मोबाइल तो ध्वनिमुद्रक, अशी माझी साधी समजूत. तिचीही तीच होती. म्हणून पहिल्या खेपेस तिने मोबाइल आजीसमोर ठेवला, तासभर तिला बोलते केले आणि ते मुद्रण शिक्षकांना नेऊन दिले. ते तसेच परत आले. पंख्याच्या घरघरीत आजी बुडाली होती, आणि 'प' व 'भ' ही अक्षरे कानावर चापटीसारखी आदळत होती.

मग ती शिकू लागली, आणि तिच्याबरोबर थोडे मीही शिकलो. नको असलेला आवाज आपले मन गाळून टाकते, पण यंत्राला मन नसल्याने ते पंखा आणि आजी यांना एकाच मापाने मोजते. माइक तोंडापासून वीतभर दूर आणि किंचित तिरका धरला, म्हणजे श्वासाचा झोत त्याच्यावर आदळत नाही. कोऱ्या भिंतींवरून आवाज उलटून येतो. गोधड्या तो शोषून घेतात. सर्वांत नवल वाटले ते एका गोष्टीचे. बोलणे संपल्यावर तिने सर्वांना अर्धा मिनिट निश्चल बसविले आणि रिकाम्या खोलीची शांतता मुद्रित करून घेतली. प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते म्हणे. पुढे संकलनात दोन वाक्यांचा सांधा जुळवावयाचा तर त्याच खोलीची शांतता मध्ये भरावी लागते.

हे ऐकताना मला आमच्या गावचे कलाभवन आठवले. महाराज सयाजीरावांनी 1890 साली ते स्थापन केले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून आलेले दादासाहेब फाळके तेथेच छायाचित्रण आणि मुद्रण यांसारख्या विद्या शिकले. पुढे 'राजा हरिश्चंद्र' काढण्यापूर्वी त्यांनी कुंडीत वाटाण्याचे रोप लावले आणि ते उगवून वाढेपर्यंत दिवसेंदिवस एकेक चित्र टिपून त्याचा छोटा चित्रपट केला. 3 मे 1913 रोजी कॉरोनेशन चित्रपटगृहात जे प्रेक्षकांपुढे आले त्याच्या मुळाशी ती कुंडी होती. कल्पना निराळी आणि कारागिरी निराळी, असा भेद त्या माणसाने मानलाच नाही. मी मात्र आजवर तो मानीत होतो.

दहा दिवसांनी ध्वनिचित्र तयार झाले. आम्ही सारे ऐकावयास बसलो. आवाज कसा लख्ख! माझी आई, जिचे बोलणे मी चाळीसहून अधिक वर्षे अर्धवट ऐकत आलो, ती जणू प्रथमच माझ्याशी बोलत होती. वडिलांना अर्धांगवायू झाला आणि थोरली म्हणून तिला पहिल्याच वर्षी कॉलेज सोडावे लागले, ही कथा घरात सर्वांना ठाऊक होती. नातीने विचारले होते, "वाईट नाही वाटलं?" आजीचे उत्तर आले, "छे, वाईट कसलं! वाईट वाटायला वेळ कुणाला होता?" लगेच सतारीचे सूर, आणि त्यावर कन्येचे निवेदन : कर्तव्यातच आनंद मानणारी ती पिढी होती.

मी मान डोलावली. आई मात्र पदराशी चाळा करीत राहिली. मग म्हणाली, "शब्द माझेच आहेत ग. पण मी हे म्हटलं नव्हतं."

मुलगी रडकुंडीस आली. तिने मूळ मुद्रण उघडले. "वेळ कुणाला होता" या वाक्यानंतर तेथे नऊ सेकंद काहीच नाही. त्यानंतर अगदी पुटपुटल्यासारखे : "फी भरल्याची पावती मात्र मी ठेवली होती. बरीच वर्षं."

तिने हे का कापले होते? त्यात कपट नव्हते. आठ मिनिटांची मर्यादा होती, आवाज फार खाली गेला होता, आणि पहिले उत्तर कसे सुबक संपत होते!

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि त्याचे कारण उकाडा नव्हते. वकिलीच्या आरंभीच्या वर्षांतली एक वृद्ध साक्षीदार मला आठवत होती. उलटतपासणीत मी तिला विचारले होते, "होय की नाही, एवढंच सांगा." ती म्हणाली, "होय, पण—" मी म्हणालो, "पुरे." कागदावर गुजरातीत एक 'हा' उमटला. विरुद्ध बाजूच्या वकिलांनी फेरतपासणी घेतली नाही. दावा मी जिंकलो. सहकाऱ्यांनी माझ्या कौशल्याची वाखाणणी केली. त्या 'पण'च्या पुढे काय होते ते मी कधी विचारले नाही.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात दाखल करताना प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि त्यात त्या नोंदीचा 'हॅश' आकडा नमूद करावयाचा असतो. नोंदीतला एक कण बदलला तरी तो आकडा बदलतो. व्यवस्था चांगली आहे. पण कापले गेले, एवढेच तो आकडा सांगू शकतो. कापताना माणसावर अन्याय झाला की नाही, हे सांगणारे कलम कोणत्याच अधिनियमात नाही. ते कात्री धरणाऱ्या हातालाच कळावे लागते.

दुसऱ्या दिवशी मुलीने ते वाक्य परत घेतले. ते ऐकू यावे म्हणून आवाज बराच वर चढवावा लागला, आणि तेव्हा मला त्या साऱ्या खटाटोपाचा अर्थ उमगला. पंखा चालू असता तर त्याची घरघरही तितकीच वर चढली असती आणि ती पावती तिच्याखाली कायमची गडप झाली असती. गोधड्या, तिरका माइक, बंद फ्रिज हे सारे त्या एका पुटपुटण्यासाठी होते. मोठ्याने बोललेले कोणत्याही यंत्राला ऐकू जाते. कसब लागते ते हळू बोललेल्यासाठी.

ते नऊ सेकंद तिने जसेच्या तसे ठेवले. मर्यादा आठ मिनिटांचीच होती, म्हणून सतार गेली, आणि जे निवेदन लिहावयास तिने दोन रात्री जागविल्या होत्या तेही गेले. पुसून टाकण्यापूर्वी तिने ते मला एकदा वाचून दाखविले. चांगले लिहिले होते. मी तसे म्हणालोही. मग तिने ते पुसले.

आईने नवे ध्वनिचित्र डोळे मिटून ऐकले. संपल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी मीच विचारले, "आई, ती पावती पुढे कुठे गेली?"

असे काही मी तिला प्रथमच विचारीत होतो. "सांगते," ती म्हणाली, "पण आधी तो पंखा लाव."