हवाईत हवापालट

आपल्या सुट्ट्या दोन प्रकारच्या. एक भारतवारी आणि दुसरी 'बघायची' सुट्टी. भारतवारीचे तीन आठवडे लग्नकार्यं, बँकेची कामं, दाताचा डॉक्टर आणि "आमच्याकडे नुसता चहाच घेतलात" असे रुसवे काढण्यात जातात. बघायच्या सुट्टीत पहाटे पाचला गाडी सुटते, आठवड्यात चार नॅशनल पार्क होतात आणि नक्की काय पाहिलं ते घरी आल्यावर फोटोंवरून कळतं. तिसरा प्रकार म्हणजे एका जागी जाऊन नुसतं राहणं. त्याला पूर्वी आपल्याकडे छान शब्द होता, हवापालट. डॉक्टर सांगायचे आणि माणसं पाचगणीला जाऊन महिनाभर राहायची. गेल्या जूनमध्ये आम्ही सहाजणांनी हा प्रकार करून पाहिला, तोही हवाईतल्या काउआई बेटावर. ज्यांच्याकडे आई-वडील आले आहेत किंवा यायचे आहेत, त्यांना उपयोग होईल म्हणून हा लेखनप्रपंच.

निमित्तं दोन होती. कन्या ऑगस्टमध्ये कॉलेजला जाणार होती आणि आई-नाना सहा महिन्यांच्या मुक्कामाला आले होते. नानांनी ऐंशी ओलांडलेली, आईचे गुडघे दुखरे. पुढच्या खेपेला मुंबईहून एवढा प्रवास झेपेल का, हा प्रश्न सगळ्यांच्याच मनात होता, बोलत कोणी नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या आमच्या घरात सोमवार ते शुक्रवार दिवसभर ते दोघं आणि टीव्ही. ग्रँड कॅन्यन, लास व्हेगास वगैरे मागेच झालेलं. "यंदा कुठे जाऊ या?" असं विचारल्यावर आई म्हणाली, "आता काही दाखवू नका रे. आठ दिवस सगळे एका जागी बसा, म्हणजे झालं."

ऐकायला सोपं आहे. पण इंजिनिअरच्या घरात बसण्याचंही प्लॅनिंग करावं लागतं!

काउआई निवडलं ते तीन कारणांनी. सान फ्रान्सिस्कोच्या आसपासून लिहुए विमानतळाला थेट विमान मिळतं, प्रवास साधारण साडेपाच तासांचा. हवाई अमेरिकेतच असल्यामुळे आई-नानांच्या व्हिसाची भानगड नाही. आणि बेट लहान आहे, त्यामुळे 'अजून ते राहिलं' ही यादी लांबत नाही.

मुक्काम कुठे करायचा, हा निर्णय पावसानं केला. बेटाच्या मध्यावर वाइआलेआले नावाचा डोंगर आहे. जगातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत त्याची गणना होते. तिथे वर्षाला ४०० इंचांच्या आसपास पाऊस पडतो. तिथून पंधरा-वीस मैलांवर, दक्षिण किनाऱ्यावरच्या पोइपूला मात्र त्याच्या दहाव्या हिश्शाइतकासुद्धा नाही. नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. नकाशा पाहून त्यांनी लगेच निकाल दिला, "अरे, हे तर आपलं महाबळेश्वर आणि माण-खटाव!" तत्त्व तेच आहे. आपल्याकडे नैर्ऋत्येचे ढग सह्याद्रीवर रिकामे होतात, इथे ईशान्येचे वारे या डोंगरावर. म्हणून हिरवाई हवी असेल तर उत्तरेला प्रिन्सव्हिल आणि ऊन हवं असेल तर पोइपू. गुडघ्यांचा विचार करून आम्ही पोइपूला तळमजल्यावरचं, स्वयंपाकघर असलेलं घर घेतलं. अशी घरं भाड्यानं द्यायला तिथे ठरावीक पर्यटन विभागांतच परवानगी असते, तेव्हा बुकिंग करण्यापूर्वी खात्री करून घ्यावी.

नियम तीनच केले. सातही रात्री एकच घर. दिवसाला एकच फेरी, तीही दुपारच्या जेवणाआधी संपणारी. आणि दोन दिवस पूर्ण कोरे. कोऱ्या दिवसांवर चिरंजीवांनी 'बोअर' असा शेरा मारला. तो दुसऱ्या दिवशी त्यांनीच मागे घेतला.

वेळेचा फरक उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाहून तीन तास. त्यामुळे पहिले दोन दिवस पहाटे चारलाच जाग येते. नाही आली तर कोंबडे आणतात. काउआईवर कोंबड्या रस्तोरस्ती मोकाट फिरतात. सप्टेंबर १९९२ मधल्या इनिकी वादळात खुराडी मोडली आणि त्या सुटल्या, असं तिथले लोक सांगतात. आईला त्या आरवण्यानं माहेरची आठवण झाली, आम्हाला झोपेची.

फेऱ्यांत वायमेआ कॅन्यन झालं. ३,००० फुटांहून खोल, तांबड्या मातीची दरी, आणि मुख्य म्हणजे कठडा गाडीतळापासून जवळ. वाइलुआजवळ लिडगेट पार्कमध्ये दगडांचा बांध घालून समुद्राचं शांत तळं केलं आहे. तिथे आई पस्तीस वर्षांनी समुद्रात उतरली, नातीचा हात धरून. जवळच हिंदू मठ आहे. तिथल्या पांढऱ्या ग्रॅनाइटच्या इराइवन मंदिराचे दगड बंगलोरजवळच्या कारागिरांनी हातानं घडवले आणि जहाजानं इथे आले. २०२३ मध्ये त्याची प्रतिष्ठापना झाली. दर्शनाच्या वेळा आधी विचारून जावं.

उत्तरेला हानालेईच्या खोऱ्यात वरून पाहिलं तर खाली हिरव्या चौकोनी वाफ्यांत पाणी भरलेलं दिसतं. "भातशेती?" नानांनी विचारलं. आईनं चष्मा पुसून पाहिलं. "अळू आहे हो ते!" खरंच अळू. हवाईत त्याला 'कालो' म्हणतात. कंद शिजवून, कुटून त्याचं 'पोई' करतात. हवाईयन लोकांच्या कथेत कालो हा माणसाचा थोरला भाऊ आहे. म्हणून पोईचं भांडं उघडं असताना घरात भांडायचं नाही, असा जुना रिवाज. आईला हा रिवाज फारच पटला. बाजारातून ती पानं घेऊन आली. बेसन आणि चिंच घरूनच नेली होती, कारण बेटावर बरंचसं सामान जहाजानं येतं आणि महाग पडतं. त्या संध्याकाळी अळूवड्या झाल्या. सुनेनं पानं लाटली, नातवानं पीठ लावलं, आईनं खुर्चीत बसून सूचना केल्या. कोणी भांडलं नाही.

नानांना बेटाची प्रदक्षिणा करायची होती. ती होत नाही. वायव्येला ना पाली नावाचे कडे सरळ समुद्रात उतरतात, तिथे रस्ताच नाही. उत्तरेचा रस्ता केए किनाऱ्यावर संपतो. एप्रिल २०१८ मध्ये तिथे चोवीस तासांत जवळजवळ ५० इंच पाऊस पडला, दरडी कोसळून तो रस्ता वर्षभराहून अधिक काळ बंद राहिला. आता बाहेरून येणाऱ्यांना त्या हाएना पार्कचं आगाऊ आरक्षण लागतं, ते महिनाभर आधी उघडतं. आम्ही ते केलं नाही. हानालेईहून परत फिरलो आणि जेवायला घरी आलो.

खरी कमाई झाली ती कोऱ्या दिवशी. घराच्या ओसरीला तिथे 'लनाई' म्हणतात. दुपारची झोप झाल्यावर चहा घेताना, कोणी काही विचारलेलं नसताना, नाना कोयनेच्या भूकंपाबद्दल बोलू लागले. ११ डिसेंबर १९६७ची पहाट. नाना तिथे नुकतेच नोकरीला लागलेले. अंधारात बाहेर पळताना कोणाचा हात धरला, उजाडल्यावर धरण पाहायला कसे धावले, वडिलांना तार कधी पोचली. नात दोन तास हलली नाही. तिनं ते सगळं फोनवर रेकॉर्ड केलं आणि कॉलेजला जाताना बरोबर नेलं. एवढ्या तपशिलानं आम्हीही ते कधी ऐकलं नव्हतं. आमच्या घरात असं बोलणं निघायला चार दिवस रिकामे बसावं लागतं, असं दिसतं.

तेव्हा मंडळी, बेट कुठलंही निवडा, पण कॅलेंडरवर कोरे दिवस आधी मांडा. विमानतळावर व्हीलचेअर आधी सांगून ठेवा. सनस्क्रीन मिनरलचं घ्या, कारण प्रवाळाला घातक अशा दोन रसायनांच्या सनस्क्रीनची विक्री हवाईत २०२१ पासून बंद आहे. आणि हो, परतताना सामानाची शेतीखात्याकडून तपासणी होते, ताजे आंबे नेऊ देत नाहीत. ते ओसरीवर बसून तिथेच संपवा.