आजोबांची वही आणि गळ

आमच्या गावात माझ्या आजोबांना नावाने कोणी हाक मारत नाही. लहानमोठे सगळे त्यांना ‘विमावाले भाऊ’ म्हणतात. आमचे गाव भिवंडीजवळ कामवारी नदीच्या काठी आहे. आमच्या ओटीवर एक लाकडी खुंटी आहे. त्या खुंटीला आजोबांचा मासे पकडायचा गळ टांगलेला असतो आणि त्याच्यावर त्यांची लाल पुठ्ठ्याची वही. वही वर, गळ खाली. हा नेम कधी मोडत नाही. गळ काढायचा तर आधी वही हातात घ्यावीच लागते. असे का, हे मला यंदा कळले. तेच मी लिहीत आहे.

आजोबा जुनी अकरावी मॅट्रिक झाले आणि भिवंडीत एका यंत्रमागाच्या कारखान्यात कामगारांची हजेरी लिहू लागले. १९७९ साली त्यांनी ती नोकरी सोडली व आयुर्विमा महामंडळाची एजन्सी घेतली. आजी रागावली. म्हणाली, “बांधला पगार सोडून लोकांच्या दारात मरणाच्या गोष्टी सांगत फिरणार का?” तेव्हा गावात विम्याचे नाव काढणे म्हणजे अपशकुन वाटे. आजोबा ओटीवर चढले की एखादी म्हातारी म्हणायची, “आला बघा यमाचा कारकून!” आजोबा हसायचे, पाणी मागायचे आणि आधी भातशेतीची चौकशी करायचे. विम्याची गोष्ट दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेला.

एजंटाला पगार नसतो. विमा उतरला, हप्ता भरला गेला, तर कमिशन मिळते. पहिल्या वर्षी जास्त आणि पुढे कमी. आजोबांकडे एक सायकल होती. कारखान्यात पाळी बदलायच्या वेळेला ते फाटकाशी उभे राहायचे. वीज गेली की माग थांबायचे, आणि माग थांबले की आजोबांचे काम सुरू व्हायचे. एरवी त्या खडखडाटात कोणाला काय ऐकू येणार? कामगार उत्तरेकडचे असत, तेलंगणातले असत. म्हणून आजोबा हिंदी शिकले, थोडेफार तेलुगूही शिकले. आजी म्हणते, “मुलांचे बाबा मुलांना झोपलेले तेवढे बघायचे.” कारण माणसे घरी भेटायची ती रात्रीच. माझे बाबा आणि आत्या लहान होत्या तेव्हा त्यांचा अभ्यास आजीनेच घेतला. ती स्वतः चौथी शिकलेली आहे.

आमच्या गुरुजींनी मला या विषयाची आणखी माहिती सांगितली. पूर्वी आपल्या देशात आयुर्विम्याच्या पुष्कळ खाजगी कंपन्या होत्या. काही बुडाल्या व लोकांचे पैसेही बुडाले. १९ जानेवारी १९५६ रोजी सरकारने हा धंदा आपल्या हाती घेतला. त्या वेळी अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. त्यांचा जन्म रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या नाते गावचा. म्हणजे ते आपल्या कोकणातलेच! एकूण २४५ संस्था एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ सुरू झाले. दोन हातांच्या मधली दिव्याची ज्योत ही त्याची खूण आहे. पुढे २००० सालापासून खाजगी कंपन्याही पुन्हा आल्या. आणि आणखी एक गंमत. सचिन तेंडुलकरच्या आईसुद्धा आयुर्विमा महामंडळात नोकरीला होत्या. हे ऐकल्यावर आमच्या वर्गातील मुलांना विम्याची गोडी लागली.

मी आजोबांना विचारले, “विमा म्हणजे नक्की काय?” आजोबा म्हणाले, “तुमच्या वर्गात मुले किती?” मी म्हटले, “छत्तीस.” ते म्हणाले, “प्रत्येकाने महिन्याला २ रुपये डब्यात टाकले, तर ७२ रुपये झाले. शाळेच्या दहा महिन्यांत ७२० रुपये. पावसात एकाचे दप्तर वाहून गेले, तर त्या डब्यातून त्याला नवे दप्तर येईल. बाकीच्यांचे वीस-वीस रुपये गेले खरे. पण वर्षभर कोणालाही दप्तराची धास्ती नव्हती. ती धास्ती गेली, त्याचे ते पैसे.”

मी पुन्हा विचारले, “आणि ज्याने डब्यात पैसेच टाकले नाहीत, त्याचे दप्तर गेले तर?”

आजोबा गप्प झाले. चहा निवला तरी त्यांनी कप उचलला नाही. मग त्यांनी मला १९८४ सालची हकिगत सांगितली.

आमच्या शेजारी एक काका राहत होते. ते मागावर कामाला जायचे. आजोबांनी मागे लागून त्यांचा विमा उतरवला होता. हप्ता सहामाही होता. दोन वर्षे त्यांनी नीट भरला. त्या वर्षी मे महिन्यात हप्ता आला, तेव्हा हातात पैसे नव्हते. आजोबांनी आठवण केली, तर काका म्हणाले, “बघू रं भाऊ, मना काय व्हतंय!” हप्त्याची तारीख गेली तरी महिनाभर सवलत असते. ती मुदत जूनच्या १० तारखेला संपत होती. आजोबांनी वहीत लिहून ठेवले होते : ९ जून, सकाळी जाणे. हप्त्याचे पैसे कमी पडले, तर आपण उसने द्यायचे, असेही त्यांनी ठरवले होते.

पण ८ जूनच्या रात्री पहिला पाऊस धो-धो कोसळला. पहिल्या पावसात वलगणीचे मासे ओहोळातून वर शेतात चढतात, हे आपल्या सर्वांना माहीत आहे. आजोबांना माशांचा फार नाद. सकाळी त्यांनी वही पाहिली आणि वही खाली ठेवून गळ घेतला. म्हणाले, “शेजारी तर आहे, संध्याकाळी जाऊ.” संध्याकाळी पाऊस वाढला. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर पाणी होते. दहा तारीख गेली.

बंद पडलेला विमा थकलेला हप्ता व व्याज भरून पुन्हा चालू करता येतो. पण माणूस जिवंत असला तरच. बारा दिवसांनी ते काका रात्रपाळीहून येताना ओहोळाच्या पुरात वाहून गेले.

काकूंनी विम्याचा कागद देव्हाऱ्यात ठेवला होता, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. तो घेऊन त्या आमच्या ओटीवर आल्या. त्यांनी एवढेच विचारले, “भाऊ, यो कागद चालंल ना?” तेव्हाच्या नियमाने तीन वर्षांचे हप्ते भरलेले नसतील, तर बंद पडलेल्या विम्याचे काहीच मिळत नसे. आजोबांना ‘नाही’ म्हणावे लागले. आजोबा मला म्हणाले, “पोरी, हप्ता भरायचे काम त्याचे होते, हे खरे. पण वहीत तारीख माझ्या हाताने लिहिलेली होती.”

त्या काकूंच्या मुलीला दहावीपर्यंत वह्या-पुस्तके आजोबांनी घेऊन दिली. आजी तेव्हाच म्हणाली होती, “पुस्तके दिलीत, बाप कुठून देणार?” ती मुलगी आता मोठी झाली आहे. मी तिलाही आत्याच म्हणते. मी धीर करून तिला विचारले, “आत्या, तुला आजोबांचा राग आला होता का?” ती म्हणाली, “आला होता ना. लहान होते मी. पण पुढे दर मे महिन्यात ते उन्हातान्हात सगळ्यांच्या दारी जाताना दिसायचे. दोनदा, तीनदा जायचे. मग हळूहळू राग गेला.”

त्या वर्षापासून वही वर आणि गळ खाली. वहीत कोणाची तारीख उरलेली असेल, तर आजोबा गळाला हात लावत नाहीत.

आता आजोबा थकले आहेत. गावाभोवती मोठमोठी गोदामे झाली आहेत. माझे बाबा त्यातल्याच एका गोदामात कामाला आहेत. हप्ते मोबाईलवरून भरले जातात. तरी लोक आजोबांना कागद वाचून दाखवायला बोलावतात. गुरुवारी ते भजनी मंडळात पेटी वाजवतात. रविवारी मला घेऊन नदीवर जातात. मासा लागला की लहान मुलासारखे ओरडतात आणि लहान मासा असला तर परत पाण्यात सोडतात. दर वर्षी त्यांच्याकडे कॅलेंडरे येतात. त्यांची मागची बाजू कोरी असते. हा लेख मी तशाच एका जुन्या कॅलेंडरवर लिहिला आहे.

शेवटी वाचक पालकांना माझी नम्र विनंती आहे. आजोबांनी ती मला मुद्दाम लिहायला सांगितली आहे. बँकेतून होणारे दोन सरकारी विमे २०१५ सालापासून आहेत. जीवन ज्योती विम्याचे वर्षाला ४३६ रुपये आणि सुरक्षा विम्याचे, म्हणजे अपघाताच्या विम्याचे, २० रुपये. प्रत्येकी २ लाखांचा विमा असतो. त्यांचे वर्ष ३१ मे रोजी संपते. ज्यांनी ते घेतले आहेत, त्यांनी मे महिन्यात खात्यात ४५६ रुपये शिल्लक आहेत ना, हे एकदा पाहावे. नाहीतर विमा गुपचूप बंद पडतो. तसेच कागद कुठे ठेवला आहे व वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहे, हे घरात आईला सांगून ठेवावे.

आणि मित्रांनो, तुम्ही आज घरी गेल्यावर वडिलांना विचारा, “आपल्या विम्याची तारीख कोणती?” त्यांना आठवली नाही, तर कागद काढायला लावा आणि ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेन्सिलीने लिहा. लिहून झाल्यावर मग खेळायला जा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी