डोरानचं रान

शंभर म्हणजे शंभर. ‘मॅजिक: द गॅदरिंग’च्या कमांडर प्रकारात कमांडर धरून डेकमध्ये बरोबर १०० कार्डं लागतात, आणि बेसिक लँड सोडल्या तर कुठल्याच कार्डाची दुसरी प्रत चालत नाही. त्यामुळे नवं कार्ड आवडलं, घेतलं आणि घातलं, असं होत नाही. आधी कोणाला तरी उठवावं लागतं.

माझा लाडका डेक झाडांचा आहे. चालणारी, लढणारी झाडं. खेळात त्यांना ट्रीफोक म्हणतात. १९९३च्या पहिल्याच संचात आयर्नरूट ट्रीफोक होतं, पण या जातीला खरा बहर आला तो २००७च्या लॉर्विन संचात. माझा कमांडर, म्हणजे डेकचा म्होरक्या, तिथलाच: डोरान, द सीज टॉवर. किंमत पांढरा, काळा, हिरवा असे तीनच माना (माना म्हणजे कार्ड खेळायला मोजायची शक्ती), आणि आकडे ०/५. पहिला आकडा मार देण्याचा, दुसरा मार खाण्याचा. डोरान टेबलावर आला की हिशेब उलटतो: प्रत्येक क्रीचर, म्हणजे लढणारं कार्ड, दुसऱ्या आकड्याइतका मार देतं. प्रत्येक म्हणजे समोरच्यांचंही. बॉल लाइटनिंग हे जुनं, धसमुसळं लाल कार्ड ६/१ आहे. डोरानपुढे त्याचा एकाचा ओरखडा उरतो. उलट इंडॉमिटेबल एन्शंट्स हे २/१०चं झाड. बाकी डेकांत त्याला कोणी उभं करत नाही, इथे ते दहाचा तडाखा देतं.

मला सगळ्यात सुख देतं ते स्लॉटर द स्ट्राँग. प्रत्येकाने आपली क्रीचर निवडायची, त्यांच्या पहिल्या आकड्यांची बेरीज चारपर्यंत बसवायची आणि उरलेली बळी द्यायची. माझ्याकडे डोरान (०), ट्रीफोक हार्बिंजर (०), एन्शंट्स (२) आणि सॅपलिंग ऑफ कोल्फेनॉर (२) असले, तर बेरीज बरोबर चार. चौघंही जागेवर, आणि डोरानच्या नियमाने चौघांचा मिळून मार २३. समोरचा पाच ताकदीचा एकुलता एक ड्रॅगन मात्र जातो. असा डाव साधला की माझा चेहरा फार सभ्य राहत नाही.

डेक नवा करायला बसलं की अडचण वेगळीच निघते. यात दोन कल्पना एकत्र नांदतात, झाडं आणि सोशीकपणा. लॉर्विन आणि पाठोपाठच्या मॉर्निंगटाइडमध्ये त्या जवळपास एकच होत्या. पुढे वाटा फुटल्या. झाडं अधूनमधून एखादं येतं. मार खाण्यालाच ताकद मानणारी कार्डं मात्र सगळीकडून येतात. २०१५ची असॉल्ट फॉर्मेशन आली, २०१८चा आर्केड्स आला (त्यात निळा रंग, आणि कमांडरच्या रंगांबाहेरचं कार्ड डेकमध्ये चालत नाही, म्हणून माझ्या कामाचा नाही), आणि २०२५च्या तारकिर: ड्रॅगनस्टॉर्मबरोबर आली फेलोथार, द स्टेडफास्ट.

फेलोथारने मला बराच काळ छळलं. रंग तेच, आकडेही तेच ०/५. ती फक्त आपल्याच क्रीचरना फायदा देते, आणि डिफेंडर म्हणजे एरवी हल्ला न करू शकणाऱ्या भिंतींनाही पुढे सोडते. वर तीन माना देऊन दुसरं एखादं क्रीचर बळी दिलं, की त्याच्या दुसऱ्या आकड्याइतकी पानं ओढायची आणि पहिल्या आकड्याइतकी टाकायची. एन्शंट्स तोडलं तर दहा पानं हातात, दोन बाहेर. ट्री ऑफ रिडेम्प्शन हे ०/१३. तेरा पानं, टाकायचं काहीच नाही! आमच्या टेबलावरचे सगळे म्हणाले, तिलाच कमांडर कर. ताकदीचाच प्रश्न असता तर त्यांचं चुकलं नव्हतं.

पण ती माणूस आहे, आणि लॉर्विनच्या जगात माणूस नावाचा प्राणीच नाही. शिवाय झाडांच्या डेकात झाडं तोडून पानं मिळवणारी बाई, म्हणजे कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. तिच्या अबझान लोकांत कुलवृक्षांना मान आहे, हे कबूल, तरी नाही.

हा निव्वळ हळवेपणा नाही. ट्रीफोक हार्बिंजर एका हिरव्या मानात डेकमधून कुठलंही ट्रीफोक किंवा फॉरेस्ट शोधून वर आणून ठेवतं. लीफ-क्राउन्ड एल्डर दर फेरीच्या सुरुवातीला वरचं पान बघतं. ते त्याच्या जातीचं निघालं तर फुकट खेळता येतं. डेकमध्ये तीस झाडं असली तर साधारण दहात तीनदा ही लॉटरी लागते. वीस झाली की पाचात एकदा. प्रत्येक पाहुणं कार्ड एल्डरच्या ताटातला घास काढतं, आणि ते कार्ड स्वतः चांगलं चालत असतं म्हणून आपल्याला कळतही नाही.

म्हणूनच लिग्निफाय कधी काढलं नाही. दुसऱ्याच्या क्रीचरचं ते ०/४चं मुकं झाड करतं. डोरान असताना तेच झाड चारचा मार देतं, म्हणून लोक हसतात; त्यापेक्षा साफ मारून टाकणारं काहीतरी घाल, म्हणतात. पण कमांडर मेला तर तो जास्त माना भरून परत येतो, झाड झालेला जागीच अडकतो. आणि लिग्निफाय स्वतः ट्रीफोक कार्ड आहे, हार्बिंजरला सापडतं.

डोरान वारंवार मारला गेला की दर वेळी दोन माना चढतात, तेव्हा त्याचा नियम चालवणारं दुसरं कोणी हवंच. २०२१च्या क्रिमसन व्हाऊमधलं एन्शंट लम्बरनॉट ते काम करतं, निदान ज्यांचा दुसरा आकडा मोठा आहे त्यांच्यापुरतं. काळं-हिरवं आहे, ट्रीफोक आहे, स्वस्तही. ते आत आलं आणि ट्री ऑफ रिडेम्प्शन उठलं. चित्रात झाड असलं तरी त्याची जात प्लँट; एल्डर त्याला ओळखत नाही.

फेलोथारसाठी वेगळा डेक लावायला घेतला आहे, ट्री ऑफ रिडेम्प्शन तिकडे गेलं, भिंतीही तिकडेच जातील. स्लॉटर द स्ट्राँग मात्र दोन्ही डेकांना हवं आहे, आणि माझ्याकडे ते एकच आहे.