आधी म्यान, मग चाकू

ह्यूस्टन, रविवार

चि. सई,



परवा फोनवर तू विचारलंस, ‘मामा, ड्यूटीवर कुणाला न दिसेल असा छोटा चाकू घ्यायचाय, कुठला घेऊ?’ आणि मी ‘लिहून कळवतो’ म्हणून वेळ मारून नेली. मागे तुझी आई ऐकत होती. तिला अजून तुझ्या पिस्तुलाचीच सवय झालेली नाही.

तू पाठवलेल्या तीन फोटोंपैकी दोन सरळ बाद. एक तो, ज्याच्या पात्यावर कवटी कोरलीय, आणि दुसरा तो, ज्याला दोन्ही कडांना धार आहे. कवटीवाला का नको ते सांगतो. उद्या काही बरंवाईट घडलं आणि तो चाकू पुराव्याच्या पिशवीतून कोर्टात आला, तर समोरच्या वकिलाला भाषणाची गरजच उरणार नाही. तो ज्युरीपुढे नुसती पिशवी धरेल. पोलिसाने वापरलेलं बळ वाजवी होतं का, हे १९८९ च्या ग्रॅहॅम विरुद्ध कॉनर निकालापासून त्या जागी, त्या क्षणी उभ्या असलेल्या समंजस पोलिसाच्या नजरेतून जोखतात. हे तुला अकॅडमीत पाठ करून घेतलंच असेल. पण ज्युरीतली माणसं डोळे घरी ठेवून येत नाहीत. दुधारी नको याचं कारण त्याहून साधं आहे. जाड दोर कापताना पात्याच्या पाठीवर अंगठा टेकवून जोर द्यावा लागतो. तिथेही धार असली तर अंगठा ठेवायचा कुठे?

पोलिसातल्या सत्तावीस वर्षांत मी माणसावर चाकू एकदाही उगारला नाही. कापलं काय काय, ते काल रात्री आठवत बसलो होतो. सीट बेल्ट, प्लास्टिकचे टाय, कुंपणाच्या जाळीत अडकलेल्या कुत्र्याचा पट्टा, ताडपत्रीच्या दोऱ्या, पुराव्याच्या खोक्यांवरची चिकटपट्टी, आणि एकदा ठाण्यात कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. (आधी धुतला होता.) महाराष्ट्र मंडळात मात्र कमरेचं म्यान चुकून कुणाला दिसलं, की ‘काय, बिचवा का?’ हे ठरलेलं. अफजलखानापासून आपला लपवलेला चाकू म्हणजे कुणाच्या तरी पोटातच गेला पाहिजे! त्यांना केकचं सांगून काय उपयोग?

दोनदा गळफास कापायची वेळ आली. त्यातला पहिला प्रसंग सांगतो, कारण माझ्याकडे त्या दिवशी घडीचा चाकू होता आणि त्यानंतर मी तो कधीच बाळगला नाही. घराचं गॅरेज, विशीतला मुलगा, आम्ही अगदी वेळेवर पोचलो होतो. अशा वेळी आधी वजन उचलायचं, कापायचं नंतर. एका हाताने मी त्याला कमरेला धरून वर उचललं, त्याचा सगळा भार माझ्या खांद्यावर. दुसऱ्या हाताने खिशातला चाकू काढला. हातात नायट्रिलचा मोजा, तोही घामाने ओला. पातं उघडायच्या खुंटीवर अंगठा काही बसेना. दोनदा, तीनदा. शेवटी पार्टनर धावत आला आणि त्याने दोर कापला. मुलगा वाचला, पण त्यात माझ्या चाकूचा काडीचा वाटा नव्हता. आणखी एक, हे कुणी सांगितलं नसेल तर: गाठीला हात लावू नकोस. गाठीपासून लांब काप. माणूस वाचला नाही, तर नंतर तपासात ती गाठच बोलते.

तेव्हा चाकू न मिटणाराच हवा, म्हणजे पातं आणि मुठीचं लोखंड सलग एकाच तुकड्याचं. आजीच्या विळीसारखा, म्यानातून काढला की तयार, मध्ये काही उघडायचं नाही, अडकायचं नाही. पातं अडीच-तीन इंच पुरे. त्याहून मोठं घेतलंस तर गाडीत बसताना पोटात किंवा मांडीत टोचेल, आणि टोचायला लागलं की दुसऱ्या आठवड्यात तू ते लॉकरमध्ये ठेवशील. मूठ मात्र तोकडी नको. निदान तीन बोटं पक्की बसायला हवीत, तीही मोजा घालून.

आता खरं सांगायचं ते हे, की लोक चाकू बघून घेतात आणि बरोबर येईल त्या म्यानावर समाधान मानतात. तू आधी म्यान बघ. चामड्याचं दिसायला सुरेख, पण ह्यूस्टनच्या ऑगस्टात ते घाम पितं, सैल पडतं आणि पात्याला ओलं कापड गुंडाळल्यासारखं गंजवतं. कायडेक्स घे. हे तापवून पात्यावर दाबून बसवलेलं कडक प्लास्टिक. चाकू आत गेला की ‘खट्’ आवाज आला पाहिजे. मग म्यान उलटं धरून पलंगावर जोरात झटक. पडला, तर दुकानात परत. पुढची परीक्षा पट्ट्यावर लावून कर. एका हाताने जोरात ओढ. पुष्कळ क्लिपा इतक्या मऊ असतात की म्यानासकट चाकू हातात येतो, आणि मग तुझ्या हातात एक बोथट प्लास्टिकचं भजं असतं. ही ओढाओढ घरी शंभरदा कर, पण प्लास्टिकचा सरावाचा चाकू घेऊन. आत ठेवताना घाई नको. काढायची घाई समजू शकतो, ठेवायची कशाला?

लावायचा कुठे? तुझं पिस्तूल उजवीकडे. उद्या झटापटीत कुणी त्यावर हात टाकला, तर तुझा उजवा हात ते दाबून धरण्यात गुंतणार. मोकळा राहतो डावा. म्हणून चाकू डाव्या हाताला मिळाला पाहिजे. तुझी कंबर बारीक, आणि पट्ट्यावर आधीच टेझर, मॅगझिनं, बेड्या, रेडिओ, टर्निके. आमच्या जाड कमरांवर जे मावतं ते तुमच्यावर मावत नाही, ही गोष्ट पट्टे बनवणाऱ्यांच्या डोक्यात अजून नीट शिरलेली नाही. माझा सल्ला, बाहेरच्या पट्ट्यावर लावूच नकोस. आतल्या पट्ट्यावर, बक्कलच्या जरा डावीकडे, शर्टाखाली. तिथे दोन्ही हात पोचतात आणि समोरच्याला दिसत नाही. लपवायचा तो एवढ्याचसाठी, की जे दिसत नाही ते कुणी हिसकावत नाही. लावल्यावर गाडीत बस, सीट बेल्ट लाव, मान वळवून मागे बघ. पळ. वाक. मग पैसे दे.

मॉडेलची नावं विचारलीस म्हणून दोनच सांगतो. का-बारचा टीडीआय हा नेमका पिस्तूल वाचवण्यासाठीच काढला. ओहायोतल्या एका प्रशिक्षण संस्थेच्या जॉन बेनरची ती रचना. मूठ पात्याशी कोन करून वाकवलेली, त्यामुळे हात पुढे केला की पातं आपोआप सरळ येतं. डोकं लावलंय खरं. पण खोकी आणि दोर कापायला तो कोन आडवा येतो, आणि तुझ्या नव्वद टक्के दिवसांत खोकी आणि दोरच असणार. दुसरा ईएसईईचा इझुला, ॲमेझॉनच्या जंगलातल्या एका डंख मारणाऱ्या मुंगीवरून नाव ठेवलेला. सरळ, हलका, पातं अडीच इंचांहून जरासं मोठं. मी हाच वापरला. खोट एकच, त्याचं १०९५ पोलाद. धार झकास लागते, दगडावर दहा मिनिटांत परत येते, पण स्टेनलेस म्हणवून घ्यायला निदान साडेदहा टक्के क्रोमियम लागतं, ते यात नाही. २०१७ च्या ऑगस्टात हार्वे वादळात आम्ही चार दिवस होडीत होतो. पंख्यात गुंतलेली दोरी त्याने मुकाट कापली, पण वरचा रंग जिथे उडाला होता तिथे तिसऱ्या दिवशी तांबूस डाग. तू स्टेनलेसमधला घे, मी हट्टी आहे म्हणून तू व्हायला नको.

त्याच आठवड्यात, १ सप्टेंबरला, टेक्ससचा चाकूचा कायदा बदलला, हे आम्हाला पाणी ओसरल्यावर कळलं. जिम बुई १८३६ साली अलामोच्या लढाईत पडला, त्याच्या नावाने इथे शाळा आहेत, आणि त्याच्याच नावाचा चाकू बाळगायला तोवर बंदी होती! आता साडेपाच इंचांपर्यंतच्या पात्याला मोठ्या माणसाला आडकाठी नाही, त्याहून लांब असेल तर शाळा, कोर्ट अशा जागा वर्ज्य. पण तू कायदा नको बघू, खात्याचा नियम बघ. चाकू घेण्याआधी तुझ्या ठाण्यात लेखी परवानगी लागते का, ते सार्जंटला विचार, आणि ईमेलवर विचार. चाकू चालवणं म्हणजे जीवघेणं बळ, हे त्या ईमेलच्या उत्तरात बहुधा लिहिलेलं असेलच.

तुरुंगात आरोपी पोचवायला जाशील तेव्हा पिस्तूल दाराबाहेरच्या लॉकरमध्ये ठेवतेस ना? चाकू विसरला जातो. दिसत नाही म्हणूनच. मी एकदा शर्टाखाली घेऊन थेट आत, बाकावर बसलेल्या आठ माणसांमध्ये गेलो होतो, आणि आठवलं तेव्हा पाठीतून थंड पाणी गेलं. त्या दिवसापासून लॉकरपुढे उभा राहिलो की दोनदा कमरेवर हात फिरवायची सवय लागली. तूही लाव.

आणि सुरी कुणाला हातात देऊ नये, खाली ठेवावी, मग दुसऱ्याने उचलावी, हे आजीचं तुला माहीत आहे. पार्टनरने मागितला तरी तेच कर.

घेशील तेव्हा म्यानासकट घेऊन ये. पुढच्या रविवारी दुपारी मी घरीच आहे. पलंगही रिकामा आहे, झटकून बघू.

तुझा
मामा